पीळ

कीथलीत, वर्थ नदीच्या काठी,
जुन्या लोकरगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर माझी खोली.
बाहेर गारा पडोत की ऊन,
आत एकवीस अंश आणि पन्नास टक्के दमटपणा.
आलेल्या कापडाला इथे आधी एक दिवस
नुसतं पडू द्यायचं असतं.
आल्या आल्या पाहुण्याला काय विचारायचं, असं
मॉरीन अ‍ॅकरॉयड म्हणते, आणि किटली लावते.

मग विचारणं सुरू.
यंत्राचं गोल डोकं त्याला घासत राहतं, पन्नास हजार वेळा.
मी मनात बसणारे मोजते:
मागच्या खिशातली किल्ली, लुगड्याची जर,
झोपेत खुर्चीच्या कडेशी
नखाने उकरत बसणारा कुणी.
बाटलीतला घाम लावते
(हो, घाम इथे बाटलीत मिळतो, पावतीसकट)
आणि दिव्याखाली ठेवते, ढगांवरच्या उन्हासारख्या दिव्याखाली,
निळा किती दिवस निळा राहतो ते बघायला.

मंगळवारी इमोजेन क्रॅबट्री आली, विमान कंपनीची.
तिच्या पिशवीत शिंपल्याच्या आतल्या रंगाचं कापड,
मीटरमागे सत्तर ग्रॅम हलकं.
सत्तर गुणिले खुर्च्या, गुणिले उड्डाणं, गुणिले वर्षं,
तिचा हिशेब चुकीचा नव्हता.
मी ते गालाला लावून पाहिलं.
नियमात बसत नाही हे.

पेटीत उभी टांगलेली पट्टी,
खाली बोटभर ज्योत, बारा सेकंद.
म्हणजे 'आले हं' म्हणत
दाराची कडी काढायला लागतो तेवढा वेळ.
याला अग्निपरीक्षा म्हणू नका.
शुद्ध आहेस का, हे इथे कुणी विचारत नाही;
माणसांना वेळ किती देशील, एवढंच.

शिंपला आधी आकसला.
मग ओघळला.
मग त्याचा एक थेंब खाली पडला
आणि पडल्यावरही जळत राहिला.
पाच सेकंद चालतात. हा सात जळला.
"दोनच जास्त?" इमोजेनने विचारलं.

मी काही बोलले नाही.
मला दिसत होता काळोख, धूर,
आणि मोटारीची सवय असलेला एक हात
पट्ट्याचं बक्कल कमरेच्या बाजूला शोधणारा,
जिथे ते नसतं.
दोन सेकंद.

मग आमची लोकर टांगली. राखाडी-निळी,
शाळेच्या गणवेशाइतकी नीरस.
केस जळल्याचा वास आला,
ज्योत काढली, आणि ती आपली आपणच विझली,
जणू तिला दुसरीकडे काम होतं.
चिमट्याने पट्टी बाहेर काढली:
काळी ठिक्कर, पण
ताणा ताण्याच्या जागी, बाणा बाण्याच्या,
भिंगाखाली सुताची एकेक वळी शाबूत.

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही,
मी मोठ्यानेच बोलले.
"काय ते?" मॉरीन.
सांगितलं. आमच्याकडे हे
वैतागून म्हणतात, हट्टी माणसांबद्दल;
इचलकरंजीच्या सुमित्राआत्याबद्दल तर
दर दिवाळीला कुणी ना कुणी म्हणायचंच.
कौतुक म्हणून मी हे आज पहिल्यांदा बोलले.
"मग लिही की अहवालात," मॉरीन म्हणाली.
अहवालात त्याला रकाना नाही.
मी लिहिलं: जळालेली लांबी अडीच इंच.
थेंब: नाहीत.

इमोजेनने ती काळी पट्टी हातात घेतली,
अंगठ्याने वीण चाचपली, बराच वेळ.
मग काळा झालेला अंगठा पाहिला,
आसपास काही सापडेना, तेव्हा
तो शिंपल्याच्या रंगाला पुसला.
"डागांचीही चाचणी झाली," मॉरीन म्हणाली.

हसताना तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं.
थोडा धूर होताच खोलीत.
जाताना इमोजेनने विचारलं,
याच लोकरीत जरा बरा रंग
निघेल का हो?
निघेल, मी म्हटलं. नमुने पाठवा.
एक दिवस पडू देऊ.